धाकट्या सुनेचा खून

ऋजुता मेली की तिचे रोजचे पाच सीन आपल्याकडे येणार, असा वासंतीताईंचा साधा हिशेब होता. मालिकेत त्या थोरली सून, ऋजुता धाकटी. भाजीवालीसुद्धा त्यांना थांबवून धाकटीच्याच साड्यांची चौकशी करायची.

शेवटी त्यांनी लेखकाला डबाभर सुरळीच्या वड्या खाऊ घातल्या. "अरे, घरात एवढी भांडणं आणि अजून एकही खून नाही? धाकटीला संपव की!"

त्याला पटलं. सोमवारी धाकटीचं प्रेत विहिरीत सापडलं. ताईंनी ऋजुताला मिठी मारून, डोळ्यांत पाणी आणून निरोप दिला.

मंगळवारी मेकअपच्या खुर्चीत ऋजुता पुन्हा हजर! नवऱ्याला ती आठवायची होती, सासूच्या स्वप्नात यायचं होतं, शिवाय प्रत्येक साक्षीदाराच्या जबानीत ती होतीच. पाचाचे नऊ सीन झाले.

"आणि खुनी कोण रे?" ताईंनी धास्तावून विचारलं.

"तुम्हीच की! तिच्यावर एवढं जळणारं घरात दुसरं आहे कोण, ताई?" लेखक हसून म्हणाला.

शुक्रवारी थोरलीला जन्मठेप झाली आणि ताईंचं काम सुटलं. मेलेली धाकटी अजून रोज शूटिंगला येते.