कर्ण्याच्या झाडाचं बी

तिसरं फूलही गळलं. देठाला बांधलेल्या लाल दोऱ्यासकट फरशीवर पडलं होतं, ओल्या रुमालासारखं चुरगळून.

थोरलीने ते उचललं, देठाजवळचा भाग नखाने चिरला. बी धरलं असतं तर तो फुगला असता. आत काहीच नव्हतं.

"मम्मी, गेलं?" भिंगरीने दारातूनच विचारलं. भिंगरी म्हणजे तिची लेक. खरं नाव वेगळं, पण एका जागी दोन मिनिटं बसली असेल तर शप्पथ.

"गेलं. तू हात धुतलेस का? विषारी आहे ते. डोळ्यांना लागलं तर बुबुळं घुबडासारखी होतील."

"चालेल की. वर्गात मागे बसूनही फळा दिसेल."

थोरली हसली नाही. सहा महिने झाले, या घरात हसायचं काम एकट्या भिंगरीकडे होतं.

अंगणातलं हे झाड आईचं, म्हणजे भिंगरीच्या आजीचं. नर्सरीवाला त्याला ब्रुगमॅन्सिया म्हणायचा. घरात सगळे म्हणायचे कर्ण्याचं झाड, कारण त्याची वीतभर लांब, फिकट गुलाबी फुलं लाउडस्पीकरच्या कर्ण्यासारखी खाली तोंड करून लटकायची. आवाज मात्र नाही, संध्याकाळी नुसता वास. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या आवारातली आहे म्हणत आईने फांदी आणून लावली होती. दर महिन्याला ती डोळे तपासायला जायची, एकटीच. सोबत येते म्हटलं की म्हणायची, "मी काय कुकुलं बाळ आहे?"

आई गेली आणि झाडाची पानं आखडायला लागली. त्यांच्यावर पिवळे चट्टे उठले.

"विषाणू आहे," नर्सरीवाला म्हणाला. "फांद्या लावू नका, रोग बरोबर येईल. बियांपासून रोप केलंत तर ते निरोगी निघेल. पण बी धरायला दुसऱ्या झाडाचे पराग हवेत."

डॉक्टरांच्या आवारात तसं झाड आता दिसत नव्हतं. आणि दुसरं झाड अख्ख्या गावात एकाच घरी होतं. धाकटीच्या.

धाकटी म्हणजे थोरलीची सख्खी बहीण. एकोणीस वर्षांपूर्वी ठरलेलं लग्न मोडून ती घराबाहेर पडली. आईने दोन्ही हातांनी दार लावलं आणि म्हणाली, "आजपासून मला एकच मुलगी."

त्या एकीने आईचा शब्द पाळला. समोरून धाकटी आली की थोरली रस्ता ओलांडायची. धाकटीला बाळ होणार असं कळलं तेव्हा हौसेने विणायला घेतलेलं टोपडं तिने रातोरात उसवून टाकलं. आई गेली त्या दिवशी धाकटी फाटकाबाहेर तासभर उभी होती. थोरलीने आत बोलावलं नाही. आईला आवडलं नसतं.

पण झाड वाचायलाच हवं होतं. आईचं म्हणून तेवढंच मागे उरलं होतं. मग थोरलीने भिंगरीला मावशीकडे धाडलं. भिंगरीने बामच्या रिकाम्या डबीत पराग आणले.

"मावशी म्हणाली, हवे तेवढे ने. आणि विचारत होती, ताई कशी आहे?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, झाडापेक्षा बरी आहे."

तीन वेळा डबी आली. तीन वेळा थोरलीने स्टुलावर चढून, श्वास रोखून, ब्रशने फुलाच्या चिकट टोकाला पराग लावले, दोरा बांधला. आठवड्याभरात फूल खाली.

"मुद्दाम शिळे पराग देते ती," थोरली म्हणाली. "या वेळी अख्खं फूल आण."

भिंगरीने आणलं. थोरलीने शेजारी आपल्या झाडाचं फूल ठेवलं आणि दोन्ही घेऊन नर्सरी गाठली.

"एकाच झाडाची दोन कशाला आणलीत?" नर्सरीवाल्याने विचारलं.

"एकाच नाही. एक आमचं आहे, एक दुसरीकडचं."

त्याने फुलं उलटीसुलटी करून पाहिली. "काठाचा हा पीळ बघा. आतली ही जास्तीची पाकळी बघा. दोन्हीत तेच. बाई, एक झाड दुसऱ्याच्या फांदीपासून केलंय. फांदीचं झाड वेगळं नसतं, तेच असतं. आणि हे झाड स्वतःचे पराग घेत नाही. शंभर दोरे बांधा, बी धरायचं नाही."

थोरलीची कानशिलं तापली. म्हणजे चोरी! आईच्या अंगणातून हिने कधीतरी फांदी तोडून नेली. माणसं तोडून गेली ती गेली, वर फांदीही!

तिने थेट धाकटीचं घर गाठलं. धाकटीने दार उघडलं आणि साबणाचे हात तसेच धरून बघत राहिली.

"ताई? तू आलीस?"

"आईच्या झाडाची फांदी कधी चोरलीस?"

धाकटीने हात पुसले. तिने थोरलीला मागच्या अंगणात नेलं.

तिथलं झाड छपराच्या वर गेलं होतं. खोड मांडीएवढं जाड. घरचं जेमतेम मनगटाएवढं होतं.

"या घरात आले त्याच वर्षी लावलंय," धाकटी म्हणाली.

"मग... आमचं?"

"आईनेच नेली फांदी. म्हणाली, तुझं काहीतरी अंगणात असू दे."

थोरली पायरीवर बसली. "आई इथे यायची?"

"दर महिन्याला. तुला सांगितलं नव्हतं तिने?"

"ती तुझं नावसुद्धा घेऊ द्यायची नाही गं! तिच्यासाठी मी..."

धाकटी तिच्या शेजारी बसली. दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा राहिली.

"मी कितीदा म्हटलं, आई, मी घरी येते, ताईची माफी मागते. ती प्रत्येक वेळी एकच सांगायची. 'माझा राग केव्हाच गेलाय गं. पण ताईला चालणार नाही.'"