डफ शेकायचा मान
म्हाताऱ्या शाहिरांच्या कार्यक्रमाआधी डफाचं कातडं विस्तवावर शेकून ताठ करायचा मान कोंडीबाचा. बारा वर्षांत त्याचा एकच कार्यक्रम चुकला, परवाचा अक्कलकोटचा. आणि आज सोलापुरात मिलच्या मैदानावर शेकोटीभोवती जमलेले सगळे तेच घेऊन बसले होते. "परवा ताफ्यात नवी गिटार हुती, पर डफापुढं तिनं झक मारली," एकजण म्हणाला. "असा डफ उभ्या जन्मात ऐकला न्हाय," दुसऱ्यानं री ओढली. कोंडीबानं डफ जाळाजवळ नेला. "शेकला कुणी हुता?" "शाहिरांनी माज्याच हातात दिला की, मामा," शेजारी बसलेला ताफ्यातला पोरगा धुळाप्पा लाजत म्हणाला. कोंडीबानं डफ आणखी खाली धरला. आज ह्यांना अक्कलकोट विसरायलाच लावतो. कातडं टर्रकन फाटलं. शाहीर आले. त्याच्या पोळलेल्या हातांवर त्यांनी फुंकर घातली, दुसरा डफ धुळाप्पाला दिला. म्हणाले, "कोंडीबा, तू आता पुढं बसून निवांत ऐक."