चौकटीतली रेघ

अंगणातला बाक आजोबांनी एका पाडलेल्या घराच्या दाराच्या चौकटीतून केला होता. त्या घरातल्या कुणा मुलाची उंची मोजून चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारलेली होती. दरवर्षी थंडी सरली की आजोबा आणि नात मिळून बाक घासत, पुसत, जवसाचं तेल पाजत. रेघ साफ निघून जाई. पुढच्या वर्षी ती पुन्हा उमटलेली असे, चार बोटं वर सरकून.

"जुनं लाकूड आहे, आतलं बाहेर येतं," अशी आजोबा नातीची समजूत घालत. स्वतःचीही.

यंदा रेघ फळीच्या अगदी टोकाला पोचली होती.

"सावकाश घास, बाळ. आडवा हात मारलास की ओरखडे पडतात," आजोबा म्हणाले, पण आडवे हात मारत होते ते स्वतःच.

"आजोबा, पुढच्या वर्षी तो यात मावायचा नाही."

"बरंच झालं. सुटू एकदाचे."

"असं काय हो आजोबा? मग तो जाईल कुठे?" पॉलिश पेपर झटकत नात म्हणाली. "मी त्याला सांगून ठेवलंय, आमच्या चौकटीत भरपूर जागा आहे म्हणून."

आजोबांनी वळून घराच्या दाराकडे पाहिलं. नातीच्या उंचीच्या रेघेशेजारी, चार बोटं वर, एक नवी रेघ उमटली होती.