मुठीचं माप

भास्करराव नाचणे कंपनीची व्यवसाय योजना लिहीत होते. लोणच्याच्या या कंपनीत दोन भागीदार: ते आणि दोन वर्षांपूर्वी वारलेली त्यांची बायको कुमुद. तिचा आवाज आणि आठवणी टेबलावरच्या डबीत होत्या, आणि कायद्याने ती डबी भागीदार होती.

"वीस कैऱ्यांना मीठ किती लिहू?"

"नऊ मुठी. कितीदा सांगायचं, अहो?" डबी म्हणाली.

"ग्रॅममध्ये सांग. नाहीतर बँकवाले योजना परत पाठवतील."

"तराजू तुमचा. मी आपली मुठीनं घालायची."

भास्कररावांची मूठ मोठी होती. त्यांनी घातलेल्या मिठाने दोन बरण्या खारट झाल्या होत्या.

त्यांनी फडताळातून चिंचेची बरणी काढली. कुमुदने मुठीत दाबून वळलेला शेवटचा गोळा तळाशी होता. त्यावर तिच्या चार बोटांचे ठसे होते. त्यांनी गोळ्याएवढं मीठ वाटीत काढलं, तोललं आणि नवाने गुणून आलेला आकडा मोठ्याने म्हणत लिहिला.

"कसं जमलं?"

"तुझ्या चिंचेच्या गोळ्यावरून."

"अजून ठेवलाय? आमटीत घालून टाका. वाया जाईल."

"घालतो," ते म्हणाले, आणि बरणीचं झाकण घट्ट लावून ती परत फडताळात ठेवली.