मोकळी गाडी

प्रोसेसर शंभर टक्क्यांवर अडकला होता आणि रुग्णवाहिका केंद्रातले सगळे स्क्रीन रांगत होते. ऑपरेटरांनी फोन घ्यायचा, पत्ता टाइप करायचा आणि स्क्रीनच्या तोंडाकडे बघत बसायचं. सगळा राग निघत होता तो कोपऱ्यातल्या इंजिनिअरवर.

"रीस्टार्ट कर ना बाबा एकदाचं," केंद्रप्रमुख मॅडम म्हणाल्या.

"चालू विनंत्या पुसल्या जातील, मॅडम. कुणाचा तरी जीव टांगणीला असेल."

हे बोलताना त्याला स्वतःचं जरा कौतुकच वाटलं.

आधी त्याने शेजाऱ्यांवर संशय घेतला. केंद्राचा सर्व्हर म्हणजे एका मोठ्या मशीनचा भाड्याने घेतलेला तुकडा; बाकीचे तुकडे या शेजाऱ्यांकडे. आपल्या वाटणीचं दुसराच कुणी खात असेल. पण शेजारी बिचारे साधे निघाले. चोर घरातलाच होता. त्यांच्याच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी ढीगभर थ्रेड, म्हणजे कामाचे वेगवेगळे धागे, चालायचे, त्यातला एकच दम न घेता पळत होता. इंजिनिअरने त्याला मारलं नाही, फक्त वेसण घातली. त्याच्या वाट्याला प्रोसेसर नखभर ठेवला.

स्क्रीन झरझर चालू लागले. रखडलेल्या विनंत्यांना एकेक गाडी मिळू लागली.

"सुटलो बाई!" मावशी म्हणाल्या. त्या सगळ्यांत जुन्या ऑपरेटर. मॅडमनी त्याच्यासाठी चहा मागवला.

चहा पिता पिता त्याने सहज त्या थ्रेडच्या पोटात डोकावून पाहिलं. तो बिघडलेला नव्हताच. एका विनंतीसाठी, तिसऱ्या मजल्यावरच्या छातीत कळ आलेल्या बाईसाठी, तो मोकळी गाडी शोधत होता. बाकीचे थांबून थांबून विचारायचे. अतितातडीच्या विनंतीने मात्र न थांबता विचारत राहायचं, असंच कुणीतरी लिहून ठेवलं होतं. आता तो अधूनमधूनच विचारत होता, आणि तेवढ्यात मोकळी झालेली प्रत्येक गाडी दुसऱ्याला जात होती.

इंजिनिअरने चहा बाजूला ठेवला. त्याने घाईघाईने कीबोर्ड ओढला. पण तो थ्रेड त्याच्या डोळ्यांदेखत आपोआप बंद झाला.

"मावशी, ती तिसऱ्या मजल्यावरची, छातीत कळ आलेली बाई... तिला गाडी मिळाली ना?"

मावशींनी हेडफोन कानावरून खाली घेतला.

"नाही रे. तिच्या मुलानेच आत्ता रद्द करायला सांगितलं. म्हणाला, आता घाई नाही."