शेवटच्या फेरीचा फोटो

उत्तनच्या गॅब्रियलला लोकलगाड्यांचं भारी वेड. रविवारभर हिंडून, फोटो काढून रोल संपला आणि तो भाईंदरला उतरला, तोच मोटरमनने केबिनमधून हाक मारली.

"ओ फोटोवाले! आज रिटायर होतोय. गाडीसकट माझा एक काढा की!"

रोल संपलाय म्हणायला जीभ रेटेना. गॅब्रियलने रिकामाच कॅमेरा डोळ्याला लावला.

खटक.

घरी बायकोला, आयरिनला, सगळं सांगून तो म्हणाला, "फसवला गं म्हाताऱ्याला."

तिने त्याच्या जुन्या फोटोंची पेटी जमिनीवर उपडी केली. "मंग ह्यो कोन हाय?"

गॅब्रियलने आजवर गाडीच पाहिली होती. केबिनच्या खिडकीत मात्र, फोटोमागून फोटोत, तोच माणूस टोपी सरळ करून, श्वास रोखून बसला होता.