जुने प्लग

शेजारच्या काकांनी मुलाची गाडी गॅरेजात आणली, तेव्हा इंजिन आचके देत होतं. प्लग काढले, तर काजळीने काळेकुट्ट. “काका, गाडी फिरवत नाही वाटतं?” “पोरगा गेल्यापासून रोज संध्याकाळी दारातच दहा मिनिटं चालू ठेवतो. तुझ्या काकूला काही आठवत नाही रे. सांगितलं की दर वेळी नव्याने रडते. हा आवाज आला की म्हणते, ‘आलं माझं पोर’, आणि मग जेवते. गाडी बंद पडून चालणार नाही.” मुलगा बसेल तो प्लग घालायचा, गाडी पहिल्यापासूनच आचके द्यायची. मी कितीदा ओरडलो होतो त्याला. आता नेमक्या नंबरचे बसवले. इंजिन एका सुरात चालू लागलं. दुसऱ्या दिवशी काका पायीच आले. “जुने प्लग फेकले नाहीस ना? काल उपाशीच झोपली. म्हणाली, ही गाडी दुसऱ्याची, आपलं पोर अजून यायचंय.”